पिवळ्या टॅक्सीचा पत्रा : न्यूयॉर्कच्या मेडॅलियन परवान्याचं प्रकरण

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटवर तळहाताएवढा पत्र्याचा एक तुकडा ठोकलेला असतो. त्याला मेडॅलियन म्हणतात. तोच टॅक्सीचा परवाना. गाडी जुनी झाली की भंगारात जाते, पत्रा मात्र काढून नव्या गाडीवर बसतो. मालकी खरी असते ती या पत्र्याची. १९३७ मध्ये तो १० डॉलर फी भरून मिळायचा. २०१४ मध्ये त्याचा भाव १० लाख डॉलरच्या वर गेला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीत निघालेले ४६ पत्रे विकले गेले, तेव्हा एकेकाला सुमारे १,८६,००० डॉलर आले.

या घसरणीचं कारण म्हणून 'ॲप आलं आणि टॅक्सी बुडाली' एवढं एकच वाक्य सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उबरसारख्या, मोबाइलवरून गाडी बोलवायच्या ॲपने भाडी पळवली, हे नाकारता येत नाही. पण भाडी कमी झाली की धंदा मंदावतो, माणूस देशोधडीला लागत नाही. इथे माणसं देशोधडीला लागली, कारण त्या पत्र्यावर त्याच्या कमाईला न पेलणारं कर्ज चढलं होतं. ते चढत असताना शहर राखणदार होतं आणि विक्रेताही होतं. त्यामुळे हे प्रकरण वाचताना नजर ॲपवर कमी आणि परवान्याच्या रचनेवर जास्त ठेवावी.

हात दाखवला तर पिवळी, फोन केला तर दुसरी

तिसाच्या दशकात, महामंदीत, ज्याच्याकडे गाडी होती तो बेकार माणूस टॅक्सी चालवायला उतरला. रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली, भाडं पाडापाडी सुरू झाली, चालक चौदा-चौदा तास चालवूनही उपाशीच राहिले. १९३७ मध्ये महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांच्या कारकिर्दीत हास कायदा आला आणि टॅक्सींची संख्या साडेतेरा हजारांच्या आसपास गोठवली गेली. पुढे काही परवाने परत आले, ते पुन्हा दिले गेले नाहीत. आकडा ११,७८७ वर आला आणि १९९६ पर्यंत तिथेच अडकून बसला. शहर बदललं, वस्ती पसरली, विमानतळ वाढले, पण पत्रे तेवढेच राहिले.

उणीव भरून निघाली ती दुसऱ्या दाराने. पिवळ्या टॅक्सींची नव्वद टक्क्यांहून अधिक भाडी मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून आणि विमानतळांवरून उचलली जात. ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्समधल्या वस्त्यांत पिवळी गाडी दिसणंच दुर्मिळ. तिथे फोन करून बोलवायच्या गाड्यांचे अड्डे उभे राहिले. त्यांना कायद्याच्या भाषेत 'बेस' म्हणतात. कंपन्यांच्या साहेबांसाठी काळ्या मोटारींची वेगळी सेवाही निघाली. १९७१ मध्ये टॅक्सी अँड लिमोझिन कमिशन, म्हणजे टीएलसी, स्थापन झालं. कालांतराने या फोनवरच्या गाड्यांनाही त्याने आपल्या छत्राखाली घेतलं.

आता परवाने दोन प्रकारचे झाले. रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवायची, तर ती पिवळीच हवी. आधी ठरवून, बेसमार्फत बोलवायची असेल तर दुसरी चालेल. संख्येची मर्यादा फक्त पहिल्या प्रकाराला होती. दुसऱ्यात अर्ज करावा, तपासणी करून घ्यावी, विमा दाखवावा आणि गाडी रस्त्यावर आणावी. कितीही आणाव्या.

ही विषमता अनेक वर्षं कोणाला टोचली नाही, कारण दोन धंद्यांमधली खरी भिंत कायद्याची नव्हतीच. ती वेळेची होती. हात वर केला की पिवळी अर्ध्या मिनिटात समोर. फोन केला की बेसवरचा माणूस 'पाच मिनिटांत' म्हणायचा आणि गाडी वीस मिनिटांनी यायची. घाईतला माणूस फोन करत नसे. कायद्याने फक्त हात आणि फोन असा शब्दांतला भेद लिहून ठेवला होता. त्या भेदाला अर्थ देणारी वीस मिनिटं कोणी लिहिली नव्हती, लिहायची गरजही वाटली नव्हती.

कोणाच्या माथी काय

पिवळ्या टॅक्सीचं भाडं टीएलसी ठरवते आणि ॲपशी जोडली जाईपर्यंत ते मीटरवरच घ्यावं लागे. शहराच्या पाचही भागांत कुठेही जायचं म्हटलं तर चालकाला नाही म्हणता येत नाही. त्या काळात गाडीची तपासणी वर्षातून तीनदा व्हायची. गाडी किती वर्षं चालवायची यालाही हद्द होती. कार्ड घेणारं आणि फेऱ्यांची नोंद ठेवणारं ठरावीक यंत्र बसवणं सक्तीचं. २०१३ च्या तडजोडीनंतर निम्मा ताफा व्हीलचेअर आत जाईल असा करण्याचं बंधनही आलं. अशा गाड्या महाग पडतात आणि त्यांची देखभालही जड जाते.

फोनवरच्या गाडीला तीन कागद लागतात : बेसचा, गाडीचा आणि चालकाचा. भाडं बेस स्वतः ठरवतो. पिवळा सोडून रंग जवळजवळ कोणताही, मीटर नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ॲप कंपन्या साध्या खासगी गाड्या घेऊन, परवान्याशिवाय उतरल्या. न्यूयॉर्कमध्ये तसं झालं नाही. इथल्या ॲपच्या चालकाकडे टीएलसीचाच परवाना असतो, त्याच्या बोटांचे ठसे घेतलेले असतात, गाडीला धंद्याचा विमा असतो. उबर मे २०११ मध्ये शहरात आलं ते बेसचे परवाने काढूनच. त्या बेसची नावं 'उंटर', 'हिंटर', 'वाइटर', 'श्मेकन' अशी जर्मन होती. सरकारी यादीत ही नावं वाचणाऱ्याला ही एकाच कंपनीची दारं आहेत हे सहज कळलं नसतं. म्हणजे परवानाधारक विरुद्ध बेकायदा असा हा सामना नव्हता. दोघेही कायदेशीर होते. एकाचा परवाना काही शे डॉलरांत मिळत होता, दुसऱ्याचा दहा लाखांत.

दहा लाखांचं गणित

मेडॅलियनचा भाव वाढला तो त्याच्या कमाईमुळे नव्हे. कमाईला टीएलसीनेच झाकण लावलं होतं. गाडीसकट टॅक्सी बारा तासांच्या पाळीसाठी भाड्याने देताना मालकाने किती घ्यायचे याची कमाल मर्यादा असे. २०१२ नंतर ती वार आणि वेळ पाहून साधारण १०५ ते १२९ डॉलर होती. दिवसाला दोन पाळ्या धरल्या तर हातात येतात सव्वादोनशेच्या आसपास, महिन्याला पावणेसात हजार डॉलर. यातून गाडीची किंमत, विमा, दुरुस्ती, टायर, तपासणी, कर, आणि गाडी बंद राहिली ते दिवस वजा करायचे. दुसरीकडे दहा लाखांच्या कर्जावर नुसतं व्याज पाच टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला ५०,००० आणि महिन्याला ४,१६६ डॉलर होतं. मुद्दल तसंच उभं. हे गणित पाकिटाच्या मागच्या बाजूला मांडता येतं आणि ते बसत नाही, हेही तिथेच दिसतं.

मग कर्ज दिलं कोणी? बहुतांश पतसंस्थांनी, म्हणजे क्रेडिट युनियन्सनी. मेलरोज, लोमटो, मॉन्टॉक ही त्यातली ठळक नावं. यातल्या काही टॅक्सीवाल्यांनीच टॅक्सीवाल्यांसाठी उभ्या केल्या होत्या, म्हणून विश्वासाच्या. कर्जाची तऱ्हा अशी असे : हप्त्यात फक्त व्याज, तीनेक वर्षांनी सगळं मुद्दल एकरकमी देय. ते कोणीच देऊ शकत नसे आणि द्यावंही लागत नसे, कारण तोवर पत्र्याचा भाव वाढलेला असायचा. जुनं कर्ज मिटवून वाढलेल्या भावावर नवं मोठं कर्ज मिळायचं. फरकाची रक्कम घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी हाती यायची. स्वतःची एक पै न घालता पूर्ण किमतीचं, कधी त्याहूनही जास्त कर्ज मिळालेले मालक होते. तारण पत्रा असला तरी सही वैयक्तिक हमीची असायची. पत्रा विकून कर्ज फिटलं नाही तर घर आणि बचत पुढे.

कर्ज घेणारे बहुतेक स्थलांतरित चालक. दक्षिण आशिया, हैती, आफ्रिकेतून आलेले. वर्षानुवर्षं दुसऱ्याची गाडी चालवून 'आता आपली' म्हणून पत्रा घेतलेले. आपला एक नेम ठरलेला : दिवसाची पाळी स्वतः चालवायची, रात्रीची दुसऱ्याला भाड्याने द्यायची. रात्रीच्या भाड्यातून हप्ता, दिवसाच्या कमाईतून घर.

आणि शहर? टीएलसी भाडं ठरवत होती, पाळीचा दर ठरवत होती, म्हणजे पत्रा किती कमवू शकतो हे तिला नेमकं माहीत होतं. तिनेच नवे पत्रे लिलावात काढले. शेअर बाजारापेक्षा भरवशाची गुंतवणूक अशा थाटात त्यांची जाहिरातही झाली. खासगी विक्रीवर शहराचा कर वेगळा, अनेक वर्षं ५ टक्के. लिलाव आणि हा कर मिळून २००२ नंतरच्या काळात शहराच्या तिजोरीत ८५.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. भाव चढा राहण्यात ज्याचा फायदा, त्यानेच भाव फुगलाय हे सांगायचं, अशी अपेक्षा ठेवणं भोळेपणाचं होतं. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो ॲप यायच्या आधीचा आहे.

शेवटचे लिलाव २०१३-१४ मध्ये झाले. पत्र्यांची संख्या १३,५८७ झाली. उबर तेव्हा शहरात येऊन तीन वर्षं होत आली होती.

भिंत पडली ती कशी

फोनच्या पडद्यावर बोट टेकवलं की तीन-चार मिनिटांत गाडी येऊ लागली. कायद्याच्या शब्दांत हे 'आधी ठरवून बोलावणं'च होतं. बेस होता, मागणीची नोंद होती, चालकाला निरोप गेला होता. पण प्रवाशाच्या लेखी ते हात दाखवण्यासारखंच होतं, उलट पावसात भिजायला नको. ती वीस मिनिटांची भिंत गेली आणि कायद्यातला शब्द मात्र जागच्या जागी राहिला.

पतसंस्था आणि मेडॅलियनवाले २०१५ मध्ये न्यायालयात गेले. ॲपवरची मागणी म्हणजे रस्त्यावरची हाकच आहे, तो हक्क आमचा आहे, असा दावा. क्वीन्सच्या न्यायालयाने तो फेटाळला. ॲपवरून बोलावणं ही पूर्वनियोजित फेरीच आहे, आणि मेडॅलियन हे तंत्रज्ञानापासून वाचवणारं चिलखत होईल अशी अपेक्षा धरणं वाजवी नव्हतं, असा निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी शिकागोच्या अशाच खटल्यात संघीय अपील न्यायालयाने हेच वेगळ्या वाटेने सांगितलं : टॅक्सीचा परवाना टॅक्सी चालवण्याचा हक्क देतो, दुसऱ्याने स्पर्धा करू नये असा हक्क देत नाही. परवान्याकडे मालमत्ता म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक धंद्याने हा मुद्दा नीट वाचावा. बँकेच्या लेखी पत्रा ही मालमत्ता होती. न्यायालयाच्या लेखी ती परवानगी निघाली.

राज्याने आणि शहराने मधल्या काळात हातपाय हलवले नाहीत असं नाही. मॅनहॅटनबाहेरच्या वस्त्यांसाठी हिरव्या टॅक्सी आणायचा कायदा २०११ च्या अखेरीस झाला. १८,००० परवान्यांची तरतूद होती. या गाड्यांना उत्तर मॅनहॅटन आणि इतर भागांत हात दाखवणारे प्रवासी घेता येणार होते. मेडॅलियनवाल्यांनी खटला भरला, कायदा अडकला, जून २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मोकळा केला, ऑगस्टमध्ये पहिल्या गाड्या आल्या. पण तोवर त्याच वस्त्यांत ॲप पोचत होतं. काही वर्षांतच हिरव्या गाड्या कमी व्हायला लागल्या. आपल्या परवान्याची किंमत वाचवायला मेडॅलियनवाल्यांनी दीड वर्षं कोर्टात घालवलं आणि ती जागा तिसऱ्याने घेतली.

जुलै २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ॲपच्या गाड्यांची वाढ रोखायचा प्रस्ताव आणला. उबरने आपल्या ॲपमध्येच महापौरांच्या नावाचं एक बटण टाकलं. ते दाबलं की प्रस्ताव मंजूर झाल्यावर किती वेळ थांबावं लागेल हे दाखवणारा, गाड्यांविना ओसाड नकाशा दिसे. प्रस्ताव बाजूला पडला, अभ्यास करायचं ठरलं. तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत नुकसान ज्या क्रमाने झालं, तो क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रवासी कमी झाले हे खरं. २०१० च्या सुमारास पिवळ्या टॅक्सीच्या दिवसाला साडेचार लाखांच्या आसपास फेऱ्या होत, २०१८ पर्यंत त्या तीन लाखांवर आल्या. २०१७ मध्ये ॲपच्या फेऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. पण लहान मालकाची मान मोडली ती रात्रपाळीचा चालक गेल्यामुळे. तो चालक १२९ डॉलर देऊन दुसऱ्याची गाडी का चालवेल? स्वतःची गाडी हप्त्यावर घेऊन, पाळीचे पैसे न देता, हवं तेव्हा तो ॲपवर जाऊ शकत होता. गॅरेजमध्ये टॅक्सी उभ्या राहू लागल्या. प्रवासी नाहीत म्हणून नव्हे, चालवणारे नाहीत म्हणून. रात्रीचं भाडं थांबलं की हप्ता थांबतो. हप्ता थांबला की तीन वर्षांचं मुद्दल दारात येतं. आणि या खेपेला वाढलेल्या भावावर नवं कर्ज देणारा कोणी नव्हता.

त्यात पिवळीचं मूळ मीटर २०१२ पासून २०२२ पर्यंत वाढलंच नाही. एका बाजूला ॲप पाऊस पडला की भाव वाढवत होतं, दुसऱ्या बाजूला मीटर जागेवर गोठलेलं.

पतसंस्थांपैकी मॉन्टॉक २०१५ मध्ये गेली, मेलरोज २०१८ मध्ये. त्याच २०१८ मध्ये अवघ्या काही महिन्यांत अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. त्यात पिवळीवाले होते, काळ्या मोटारवालेही होते.

तासाचं सूत्र

ऑगस्ट २०१८ मध्ये नगर परिषदेने अखेर पावलं उचलली. ॲपच्या गाड्यांचे नवे परवाने थांबवले, व्हीलचेअरच्या गाड्या वगळून. दिवसाला १०,००० हून अधिक फेऱ्या पाठवणाऱ्या कंपन्यांचा वेगळा वर्ग केला. आणि चालकाला किमान मोबदला ठरवायचा अधिकार टीएलसीला दिला. तोवर शहरात ॲपच्या गाड्या ऐंशी हजारांच्या घरात गेल्या होत्या, पिवळ्या साडेतेरा हजार.

यातलं किमान मोबदल्याचं सूत्र जगात इतरत्र उतरवून घ्यावं इतकं नीट बांधलेलं आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू झालं. तेव्हाचे दर असे : मैलामागे ०.६३१ डॉलर, हा गाडीचा खर्च. मिनिटामागे ०.२८७ डॉलर, ही चालकाची मजुरी. दोन्हींची बेरीज करायची आणि ०.५८ ने भागायचं.

साडेसात मैलांची, ३० मिनिटांची फेरी घेऊ. मैलांचे ४.७३, मिनिटांचे ८.६१, मिळून १३.३४. याला ०.५८ ने भागलं की २३ डॉलर. फेरीमागे चालकाला किमान एवढे मिळायलाच हवेत, प्रवाशाकडून कंपनीने काहीही घेवो.

०.५८ आलं कुठून? चालक ॲप सुरू ठेवून बसतो त्या वेळातला ५८ टक्के वेळ गाडीत प्रवासी असतो, हा तो आकडा. उरलेला ४२ टक्के वेळ तो रिकामा फिरतो किंवा थांबतो. फक्त फेरीच्या मिनिटांचे पैसे दिले तर हा रिकामा वेळ चालकाच्या माथी. या भागाकाराने तो कंपनीच्या माथी येतो. तासाला ३४.८ मिनिटं प्रवासी असला तरी मजुरी पूर्ण साठ मिनिटांची पडते : ०.२८७ गुणिले ६०, म्हणजे १७.२२ डॉलर. कंपनीने गरजेपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावर आणल्या आणि प्रमाण ५० टक्क्यांवर घसरलं, तर त्याच फेरीचे २३ ऐवजी २६.६८ द्यावे लागतील. संख्येची मर्यादा न घालता संख्या आवरायची ही युक्ती आहे. १९३७ च्या पत्र्याने जे काम कुलूप घालून केलं, ते हे सूत्र दंड लावून करतं, आणि यातून विकता येईल असा पत्रा तयार होत नाही.

कागदावर असं. रस्त्यावर काय झालं? कंपन्यांनी एप्रिल २०१९ पासून न्यूयॉर्कमध्ये नवे चालक घेणं थांबवलं. सूत्राला हेच हवं होतं. पण पुढे त्यांनी मागणी कमी असेल तेव्हा चालकांना ॲपमध्ये शिरूच द्यायचं नाही, असंही सुरू केलं. सूत्रातला रिकामा वेळ मोजला जातो तो ॲप सुरू असतानाचा. चालक गाडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा आहे, ॲप उघडतंय पण आत घेत नाही, तर हा वेळ कोणाच्याच हिशेबात नाही. प्रमाण ५८ वर टिकतं, चालकाचा दिवस मात्र बारा तासांचाच राहतो. २०२४ मध्ये हा प्रकार पुन्हा मोठ्या प्रमाणावर झाला. असं सूत्र कुठेही आणायचं असेल तर पहिलं कलम हे हवं : मोजायची वेळ कोणाच्या घड्याळाने मोजायची?

टीएलसीचा आणखी एक प्रयत्न मात्र कोर्टात पडला. मॅनहॅटनमध्ये ९६व्या रस्त्याच्या खाली ॲपच्या गाड्या ४१ टक्के वेळ रिकाम्या फिरत. तो ३१ टक्क्यांवर आणा, असा नियम ऑगस्ट २०१९ मध्ये केला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो रद्द केला. मोबदल्याचं सूत्र त्याच काळात न्यायालयात टिकलं. दोहोंतला फरक असा की सूत्रामागे मोजमाप आणि खर्चाचा पाया होता, ३१ हाच आकडा का, याचं पटेल असं उत्तर नव्हतं.

कर्ज उतरवणं

ही सगळी पावलं पुढच्या चालकासाठी होती. जो आधीच सहा-सात लाखांच्या कर्जात होता त्याला तासाच्या सूत्राचा उपयोग नव्हता. उलट फेब्रुवारी २०१९ पासून राज्याने दक्षिण मॅनहॅटनच्या फेऱ्यांवर गर्दीचा अधिभार लावला : पिवळीला अडीच डॉलर, ॲपला पावणेतीन. पंचवीस सेंटांच्या फरकाने कोणाचं काय भलं होणार होतं, ते राज्यालाच ठाऊक.

बुडालेल्या पतसंस्थांची कर्जं केंद्राच्या नियामकाकडे गेली. चालकांची मागणी होती की तिथेच कर्ज माफ करा, किंवा किमान पत्र्याच्या खऱ्या भावापर्यंत खाली आणा. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने सुमारे ४,५०० कर्जं मार्बलगेट या गुंतवणूक कंपनीला विकली. दर्शनी किमतीपेक्षा खूप कमी भावात घेतलेलं कर्ज पूर्ण रकमेसाठी वसूल करायला मोकळं होतं. महिन्याभरात कोविडमुळे रस्तेच रिकामे झाले.

मार्च २०२१ मध्ये शहराने साडेसहा कोटी डॉलरची योजना काढली. मालकाला २०,००० डॉलर अनुदान, ते देऊन सावकाराशी तडजोड करावी. सावकाराने मानलंच पाहिजे असं काही नव्हतं. पाच लाखांच्या कर्जापुढे वीस हजार म्हणजे दर्या में खसखस. टॅक्सी वर्कर्स अलायन्स ही संघटना भैरवी देसाई यांच्या नेतृत्वाखाली सिटी हॉलसमोर ठिय्या देऊन बसली आणि ऑक्टोबरमध्ये उपोषण सुरू झालं. पंधरा दिवसांनी, ३ नोव्हेंबरला तोडगा निघाला.

तोडग्यातली कळीची गोष्ट रक्कम नव्हती, हमी होती. कर्ज २ लाखांवर आणायचं, त्यातले ३०,००० शहर अनुदान म्हणून भरणार, उरलेले १,७०,००० नवं कर्ज. त्याची हमी शहराची. हमी आली म्हणून सावकार खाली यायला तयार झाला : आज बुडीत दिसणारे पाच लाख की शहराने हमी दिलेले पावणेदोन लाख? आणि शहराची हमी आली म्हणून मालकाची वैयक्तिक हमी गेली, घर मोकळं झालं. आधी ठरलं होतं ५ टक्के व्याज, २० वर्षं, महिना १,१२२ डॉलर. २०२२ मध्ये व्याजदर चढले, तेव्हा अंतिम आकडे झाले ७.३ टक्के, २५ वर्षं, १,२३४ डॉलर. हप्त्यात ११२ डॉलरचीच वाढ दिसते, पण एकूण परतफेड २ लाख ६९ हजारांवरून ३ लाख ७० हजारांवर गेली. मुदत वाढवून हप्ता हलका दाखवण्याची ही रीत जुनीच आहे. तरी मुद्दल खरोखर फिटत जाणारा हप्ता त्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच पाहिला.

२०२२ च्याच मार्चमध्ये उबरने आपल्या ॲपवर पिवळ्या टॅक्सी घ्यायचं मान्य केलं. ज्या भिंतीसाठी दहा वर्षं भांडण झालं ती आता दोन्ही बाजूंनी पडली होती.

नवा पत्रा

२०१८ च्या मर्यादेचं पुढे काय झालं ते पाहायचं राहिलं. ॲपच्या गाडीचा परवाना मेडॅलियनसारखा बाजारात विकता येत नाही. पण ज्याच्या नावावर परवाना आहे तो गाडी दुसऱ्याला भाड्याने देऊ शकतो. नवे परवाने बंद झाल्याबरोबर हाच धंदा उभा राहिला. चालक आठवड्याच्या भाड्याने गाडी घेतो. तो पैसे मोजतो ते गाडीसाठी कमी आणि तिच्या नंबर प्लेटसाठी जास्त. काही शे डॉलरांचा परवाना पुन्हा भाडं खाऊ लागला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये टीएलसीने विजेवरच्या गाड्यांसाठी नवे परवाने खुले केले. २०३० पर्यंत ॲपच्या फेऱ्या प्रदूषणरहित किंवा व्हीलचेअरच्या गाड्यांतून व्हाव्यात, या धोरणाचा तो भाग होता. टॅक्सी वर्कर्स अलायन्स न्यायालयात गेली आणि नोव्हेंबरच्या मध्यात खिडकी पुन्हा बंद झाली. जेमतेम चार आठवडे ती उघडी होती. तेवढ्यात हजारो अर्ज येऊन पडले होते.